प्रहसन, स्टँड-अप की संगीताचं मासिक? वादविवादासाठी एक वेगळा विषय



शाळेतला वादविवाद म्हटला की आपले विषय ठरलेले. ‘विज्ञान शाप की वरदान’, ‘मोबाईल हवा की नको’, ‘परीक्षा असाव्यात की नसाव्यात’. मुलं बोलतात, पण बहुतेक वेळा घरून लिहून दिलेलं पाठ करून बोलतात. टाळ्या पडतात, बक्षीस मिळतं आणि विचार तिथल्या तिथेच राहतो.

म्हणून आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी एक वेगळा विषय सुचवावासा वाटतो. ‘प्रहसन, स्टँड-अप कॉमेडी आणि संगीताचं मासिक, या तिघांत समाजाला जास्त उपयोगाचं काय?’

पहिला प्रश्न लगेच येईल. पहिल्या दोघांचा तिसऱ्याशी संबंध काय? दोन हसवणारे आणि एक छापील कागद! पण या विषयाचा फायदा तिथेच आहे. आंब्याची आणि फणसाची तुलना करायची तर आधी विचारावं लागतं, कशासाठी? खायला, विकायला, की टिकवायला? म्हणजे माप आधी ठरवावं लागतं. मुलांना हीच गोष्ट शिकवायची आहे.

वाद घालणं आपल्याला नवीन नाही

आमच्या लोट्याच्या आसपास, म्हणजे खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर या पट्ट्यात, शक्ती-तुरा सगळ्यांना माहीत असतो. गणपतीत जाखडी नाचणाऱ्या मंडळींचे दोन पक्ष असतात. शक्तीवाले शक्तीला म्हणजे प्रकृतीला मोठं मानतात, तुरेवाले शिवाला म्हणजे पुरुषाला. एका बाजूचा शाहीर सवाल टाकतो, दुसऱ्या बाजूला त्याचा जवाब द्यावा लागतो. यातलं महत्त्वाचं असं की समोरच्याचा सवाल नीट ऐकला नाही, तर जवाब देताच येत नाही. आपल्या वर्गातल्या वादविवादात नेमकं हेच राहून जातं. वादाची सुरुवात मुलांना ओळखीच्या या खेळापासून केली तर त्यांना नियम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

आता तिन्ही प्रकार एकेक करून पाहू.

प्रहसन: चार माणसं, दहा मिनिटं, एक घोळ

मुलं याला ‘स्किट’ म्हणतात. पण हा प्रकार टीव्हीने आणलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यात प्रहसन आहे. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्मन याने ‘मत्तविलास’ नावाचं संस्कृत प्रहसन लिहिलं आणि त्यात ढोंगी साधूंची टर उडवली. आपल्या तमाशातली बतावणी याच जातीची. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये ती बतावणी शहरी रंगमंचावर आणली आणि दादा कोंडक्यांना घरोघरी पोचवलं. आपल्या शिमग्यातल्या नमन-खेळ्यांत संकासूर आहे, गवळणीत मावशी आहे. ती सोंगं लोकांना हसवतातच, पण गावातल्या मोठ्यांनाही दोन शब्द सुनावून जातात.

टीव्हीवर ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये सुरू झाली. ‘हास्यजत्रे’तले ओंकार भोजने आणि प्रभाकर मोरे हे आपल्या चिपळूणकडचे. त्यामुळे इथल्या मुलांना तो कार्यक्रम घरचाच वाटतो.

बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. प्रहसन एकट्याने होत नाही. लिहिणारा, करणारा, पडद्यामागचा, सगळे लागतात. वर्गातलं अबोल मूलही त्यात खपून जातं. शिवाय सोंगाच्या आडून जे बोलता येतं, ते उघड बोलता येत नाही.

विरोधात काय? वेळ थोडा असतो. दहा मिनिटांत पात्र प्रेक्षकांना लगेच ओळखू यायला हवं. मग लेखक सोपा रस्ता धरतो. दारुडा, कंजूष, जाडी बाई, साडी नेसलेला पुरुष, तोतरा नोकर. पात्र बाजूला राहतं आणि साचा पुढे येतो. साच्यावर हसू पटकन येतं, पण त्या साच्यातलं माणूस प्रेक्षकांत बसलेलं असेल तर काय होतं, ते पुढे बघू.

एकपात्री आणि स्टँड-अप: फरक काय?

मुलं हे दोन्ही एकच समजतात, म्हणून फरक आधी सांगायला हवा. एकपात्रीत माणूस एक, पण पात्रं अनेक. पु. ल. देशपांडे यांनी आपल्या ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ च्या पुस्तकाचा १९६१ पासून एकट्याने प्रयोग केला आणि अख्खी चाळ रंगमंचावर उभी केली. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून जास्त व्यक्तिरेखा एकट्याने रंगवल्या. स्टँड-अपमध्ये मात्र बहुतेक वेळा पात्र नसतंच. हातात माईक, समोर लोक आणि बोलणारा म्हणतो ‘मी’. माझी आई, माझी नोकरी, माझी फजिती. मराठीत हा प्रकार गेल्या दहाएक वर्षांत रुजला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’सारख्या यूट्यूब वाहिन्यांचा त्यात मोठा वाटा आहे.

एकट्याने उभं राहून शेकडो लोकांना बांधून ठेवणं आपल्याला तसं परकं नाही. कीर्तनकार तेच करत आले. फरक इतकाच की कीर्तनकाराच्या पाठीशी टाळ, मृदंग आणि देवाचं नाव असतं. स्टँड-अपवाल्याच्या पाठीशी फक्त त्याचं स्वतःचं म्हणणं असतं.

हीच त्याची ताकद. तो जे बोलतो त्याची जबाबदारी त्याच्याच नावावर असते, ‘ते पात्र तसं होतं’ म्हणून सुटता येत नाही. चांगला कलाकार बहुतेकदा स्वतःवरच हसतो. कमजोरी अशी की तासाभराच्या बोलण्यातला तीस सेकंदांचा तुकडा कापून मोबाईलवर फिरतो. मागचं-पुढचं गायब होतं आणि विनोदाचा अर्थच बदलतो. आणि हशा पटकन मिळावा म्हणून शिवीचा आधार घ्यायची सवय लागते. मुलं तीच आधी उचलतात.

संगीताचं मासिक: कागदावरचे कान

मुलांना हे सगळ्यात रटाळ वाटेल. म्हणून जो गट ही बाजू घेईल त्याला थोडी जास्त मदत करा.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणं घराण्यांच्या बंद दारांतून बाहेर यावं, सामान्य घरातल्या मुलामुलींना शिकता यावं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी छापील पुस्तकं आणि मासिकं लागत होती. त्यांचेच शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी पुढे ‘संगीत कला विहार’ या मासिकाचं संपादन केलं. त्यात त्यांनी गायक-वादकांवर लिहिलेल्या लेखांतून ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक झालं. तो गवई कसा शिकला, कसा रियाज करायचा, रागाचा स्वभाव कसा होता, हे आज आपल्याला कळतं ते कोणीतरी वेळेवर लिहून ठेवलं म्हणून.

आणि विनोद व संगीताचं मासिक यांचा संबंध नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक उदाहरण. उत्तर प्रदेशातल्या हाथरसहून १९३५ मध्ये ‘संगीत’ हे हिंदी मासिक सुरू झालं. ते सुरू करणारे प्रभुलाल गर्ग म्हणजे हिंदीतले प्रसिद्ध हास्यकवी काका हाथरसी! एकच माणूस संमेलनात लोकांना पोट धरून हसवत होता आणि इकडे रागांवर मासिक काढत होता.

विरोधी बाजूलाही मुद्दे आहेत. मासिक फार थोड्या लोकांपर्यंत पोचतं. भाषा जड होते. आपल्या घराण्याचं कौतुक आणि दुसऱ्याचं खंडन, असा पक्षपातही होतो. शिवाय आता गाणं मोबाईलवर हवं तेव्हा ऐकता येतं, मग ते कसं आहे हे आधी वाचायचं कशाला? इंग्लंडमधलं ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ १९५२ पासून निघत होतं. त्याचा छापील अंक २०१८ मध्ये बंद झाला आणि काही वर्षं ते फक्त इंटरनेटवर होतं.

आता माप ठरवू

‘जास्त चांगलं’ म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय वाद सुरू करू नका. फळ्यावर तीन प्रश्न लिहा.

१. किती लोकांपर्यंत पोचतं?
२. किती दिवस टिकतं?
३. त्याची किंमत कोण मोजतं?

पहिल्या मापाने प्रहसन जिंकेल. दुसऱ्या मापाने मासिक पुढे जाईल. तिसऱ्या मापाला मुलं थबकतील. किंमत म्हणजे तिकीट का? नाही. आपण हसतो तेव्हा कोणाला वाईट वाटतं, हा तो प्रश्न.

हसण्याची किंमत

लोट्याला एमआयडीसी असल्यामुळे आपल्या वर्गांत गावातली मुलं असतात, तशी उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून कामासाठी आलेल्या घरांतलीही असतात. स्नेहसंमेलनातल्या प्रहसनात वॉचमन किंवा पाणीपुरीवाला येतो, मोडकं मराठी बोलतो आणि मंडप हसतो. त्याच मंडपात एखादं मूल असतं, ज्याचे वडील तसंच बोलतात. तेही हसतं, कारण न हसणं जास्त अवघड असतं. दुसऱ्या दिवसापासून ते वर्गात कमी बोलायला लागतं. आपल्याला वाटतं, अभ्यासात लक्ष नाही.

आता हेच उलट करून बघा. गणपतीला मुंबईची भावंडं येतात आणि आपल्या मुलांच्या बोलण्याची नक्कल करतात, तेव्हा आपल्या मुलांना कसं वाटतं? हे विचारलं की वर्ग एकदम शांत होतो. ज्याला टोचलं आहे त्याला दुसऱ्याचं टोचणं कळतं.

मग बोलीवर विनोद करूच नये का? तसं अजिबात नाही. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये रंगमंचावर आलं. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. त्यात मालवणी बोलणाऱ्या गावकऱ्यांच्या नाटकाचा फज्जा उडतो आणि लोक खो-खो हसतात. पण ते हसू बाहेरून फेकलेलं नाही. लिहिणारे, करणारे त्याच मातीतले आणि पात्रं भोळी असली तरी बावळट नाहीत. जी बोली नाटकात नोकराच्या तोंडी यायची, ती नाटकाची नायिका झाली. पुलंचा अंतू बर्वा आपल्या रत्नागिरीचा. तिथेही आपण अंतूला हसत नाही, अंतूच्या बोलण्याला हसतो. टोला मारणारा तोच असतो.

म्हणजे मुलांना देण्याचा नियम सोपा आहे. पात्राकडे स्वतःची अक्कल आहे का? की ते फक्त मार खायला आणलं आहे?

मासिकाची पद्धत विनोदाला लावू या

आता तिन्ही धागे जुळतात. आपण मुलांना विनोद करायला शिकवतो, पण विनोद पारखायला शिकवत नाही. ‘मस्त होतं’, ‘बोअर झालं’, इथे त्यांचं परीक्षण संपतं. संगीताच्या मासिकाने पिढ्यान्‌पिढ्या नेमकं पारखण्याचं काम केलं. गाणं आवडलं, तर का आवडलं? सूर कुठे लागला, कुठे हरवला? हीच सवय हास्याला लावायची.

दोन तासिकांत हे असं घेता येईल.

पहिली तासिका: वर्गाचे तीन गट करा. आपला प्रकार का उपयोगाचा, हे प्रत्येक गटाने पाच मिनिटांत सांगायचं. मग शक्ती-तुऱ्याप्रमाणे दुसऱ्या गटाने एक सवाल टाकायचा. जवाब देण्याआधी तो सवाल स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. सांगता आला नाही तर जवाबाची पाळी गेली.

दुसरी तासिका: गटांची अदलाबदल करा. काल ज्याला रटाळ म्हटलं, आज त्याचीच बाजू मांडायची. त्यानंतर प्रत्येकाने पाहिलेल्या एका प्रहसनावर दहा ओळींचं परीक्षण लिहायचं. त्यात तीन गोष्टी याव्यात. हसू कुठे आलं, ते कशामुळे आलं आणि त्या हसण्याची किंमत कोणी मोजली. जमलं तर या परीक्षणांचा हस्तलिखित अंक काढा आणि तो पुढच्या संमेलनाची प्रहसनं बसवण्याआधी मुलांसमोर वाचा.

गुण देताना आवाज आणि हातवारे यांना कमी, जवाबाला जास्त द्या. कोणता गट जिंकला हे जाहीर केलं नाही तरी चालेल. सुरुवातीचं मत कोणाचं बदललं आणि कशामुळे, हे मात्र जरूर विचारा.

पालकांसाठी एवढंच. रात्री घरात सगळे मिळून विनोदी कार्यक्रम बघता, तेव्हा टीव्ही बंद करून भाषण द्यायची गरज नाही. मनसोक्त हसा. कार्यक्रम संपल्यावर जेवताना सहज विचारा, “आज सगळ्यात जास्त हसू कशाला आलं रे? आणि ते आपल्याबद्दल असतं तर?” मूल उत्तर देईल किंवा नुसतं ताटाकडे बघत बसेल. दोन्ही चालेल. प्रश्न त्याच्याबरोबर शाळेत येतो. पुढचं आम्ही बघू.