जुन्या गाडीला अँटिफ्रीझ कोणते घालावे?

मिनेसोटात ऑक्टोबर लागला की मंडळाच्या कार्यक्रमांत दोन चौकश्या हमखास कानावर येतात. एक म्हणजे दिवाळी अंक कोणाकडे आले आहेत, आणि दुसरी म्हणजे थंडीच्या आधी गाडीचे काय काय करून घ्यायचे. नवी गाडी असलेल्यांना या दुसऱ्या चौकशीचे कारण नसते. डीलर बोलावील तेव्हा जायचे आणि सांगेल तेवढे पैसे द्यायचे. प्रश्न पडतो तो पंधरा-वीस वर्षांच्या कॅमरी, अकॉर्ड, ब्यूक चालवणाऱ्यांना. यांत नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी असतात, घरातली दुसरी गाडी म्हणून जुनीच बाळगणारी कुटुंबे असतात आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यावे या विवंचनेतले आईवडील असतात.

अशा गाडीची मालकी आपल्याकडे तिसरी किंवा चौथी असते. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये काय ओतले, हे त्यालाच ठाऊक. आपण दुकानात जातो तर फळीवर रंगपंचमी मांडलेली. हिरवे, पिवळे, नारिंगी, लाल, गुलाबी, निळे. आणि शेवटी 'सर्व गाड्यांना, सर्व रंगांना चालते' असे सांगणारी बाटली. बहुतेक जण गाडीत दिसतो तो रंग घेतात आणि घरी येतात. नेमके तेच करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी मुळातून पाहू. बाटली कोणत्याही रंगाची असो, आत बहुतांशी एकच पदार्थ असतो, इथिलीन ग्लायकॉल. गंमत अशी की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंश सेल्सियसलाच, म्हणजे ९ अंश फॅरनहाइटला गोठते. जानेवारीतली आपली कोणतीही साधी रात्र त्याला पुरेल. पाण्यात मिसळल्यावर मात्र दोघेही एकमेकांना गोठू देत नाहीत. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३४ फॅरनहाइटपर्यंत तग धरते आणि साठ टक्के ग्लायकॉल असेल तर उणे ६२ पर्यंत. सत्तर टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, कारण तिथून फायदा उलटा फिरू लागतो आणि इंजिनाची उष्णता वाहून नेण्याचे कामही पाण्याइतके चांगले होत नाही. 'जास्त घातले म्हणजे जास्त सुरक्षित' हा हिशेब इथे चालत नाही.

३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसमध्ये पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. म्हणजे जुळ्या शहरांत राहणाऱ्यांना निम्मे-निम्मे पुरते. राज्याचा नीचांक उत्तरेकडच्या टॉवर गावचा, २ फेब्रुवारी १९९६ चा, उणे ६० चा. तिकडे नोकरी करणाऱ्यांनी साठ टक्के ठेवावे. आणखी एक, रेडिओवर सांगतात त्या 'विंड चिल'च्या आकड्याने गाडीसाठी घाबरू नये. वाऱ्याने गाडी लवकर गार होते, पण हवेच्या प्रत्यक्ष तापमानाच्या खाली ती जात नाही. तो आकडा आपल्या कानांसाठी आहे, रेडिएटरसाठी नाही.

मग रंगांत फरक कशाचा? ग्लायकॉल हवेच्या आणि धातूच्या संगतीत हळूहळू आम्लयुक्त होते आणि इंजिन आतून खाऊ लागते. ते रोखण्यासाठी त्यात थोडी गंजरोधक रसायने घालतात. बाटली-बाटलीतला खरा फरक या चिमूटभर रसायनांचा आहे. जुन्या पद्धतीच्या हिरव्या अँटिफ्रीझमध्ये सिलिकेट असते. ते धातूवर चटकन थर धरते, पण लवकर संपते. म्हणून ते दोनेक वर्षांनी बदलावे लागते. जनरल मोटर्सने १९९५-९६ च्या सुमारास सेंद्रिय आम्लांवर आधारलेले नारिंगी 'डेक्सकूल' आणले, ते पाच वर्षांच्या बोलीवर. त्यात सिलिकेट नाही. जपानी कंपन्यांना वॉटर पंपाच्या सीलसाठी सिलिकेट नको असते, म्हणून त्या सेंद्रिय आम्लांबरोबर फॉस्फेट घालतात. युरोपीय कंपन्यांना फॉस्फेट नको, कारण तिकडच्या जड पाण्यात त्याचे क्षार होऊन बसतात. त्यांनी सेंद्रिय आम्ले आणि थोडे सिलिकेट असा मध्यममार्ग काढला. क्रायस्लर आणि फोर्डच्या २००० नंतरच्या अनेक गाड्यांत पिवळसर अँटिफ्रीझ दिसते, ते त्याच घराण्यातले.

आता रंगाविषयी. रंग हे कोणतेही प्रमाण नाही, तो बाटलीत घातलेला निव्वळ रंग आहे. टोयोटाचे लाल आणि जनरल मोटर्सचे नारिंगी जुने झाल्यावर सारखेच दिसतात, पण एकात फॉस्फेट आहे आणि दुसऱ्यात नाही. होंडाचे स्वतःचे अँटिफ्रीझ पूर्वी हिरवे यायचे, नंतर निळे झाले. त्या जुन्या होंडातले हिरवे पाहून कोणी दुकानातले साधे हिरवे आणले तर रंग जुळेल, रसायन जुळणार नाही. चुकीची दोन मिसळली तर गाडी लगेच बंद पडते असे नाही. बहुधा एवढेच होते की पाच वर्षांच्या मालाचे आयुष्य दोन वर्षांवर येते आणि ते आपल्याला कळत नाही. काही जोड्यांत मात्र चिखलासारखा गाळ धरतो आणि तो हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. फोक्सवॅगनच्या जुन्या निळ्या-हिरव्यात नंतरचे लाल मिसळल्यावर होणारा तपकिरी रबडा मेकॅनिक लोकांना चांगलाच परिचयाचा आहे.

तेव्हा गाडीचे मॅन्युअल उघडावे. हरवले असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा फुकट मिळते. त्यात रंग नव्हे, प्रकार किंवा मानकाचा क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक बाटलीच्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत शोधावा. ऐंशीच्या दशकातली, तांब्या-पितळेच्या रेडिएटरची अमेरिकन गाडी कोणी हौसेने सांभाळत असेल तर तिला जुने हिरवेच योग्य. त्या धातूंचा आणि डाखाचा विचार करूनच ते बनवलेले आहे. 'सर्वांना चालते' वाल्या बाटलीबद्दल माझे मत असे: रस्त्यात पातळी खाली गेली तर भर घालायला ती चालेल, पण पूर्ण बदलताना चार-पाच डॉलर वाचवण्यासाठी ती घेण्यात अर्थ नाही.

काहींना हे सारे फाजील चोखंदळपणाचे वाटेल. त्यांच्यासाठी परिचयातल्या एका घरची हकीगत सांगतो. वडील सातारहून उन्हाळ्यात मुलाकडे आले होते. तिकडे त्यांनी उभी हयात प्रीमियर पद्मिनी चालवली. सकाळी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी पाहायचे, कमी असले तर तांब्याभर ओतायचे, हा त्यांचा नेम. मुलाच्या जुन्या गाडीचा एक होज बारीक गळत होता. वडील न चुकता बागेतल्या नळीने पातळी भरून काढत राहिले आणि ऑक्टोबरात परत गेले. मुलाला पातळी नेहमी ठीक दिसे. जानेवारीत एका सकाळी गाडी सुरू झाली, पण हीटरमधून गार वारा येऊ लागला आणि उणे पंधरात तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. रेडिएटर गोठलेला, त्यामुळे पाणी फिरेना, त्यामुळे इंजिन तापलेले! पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि त्या फुगण्यापुढे बिडाचा ब्लॉकही टिकत नाही. तो तडकला होता. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा निघाला. वडिलांना हे अजून कोणी सांगितलेले नाही, आणि सांगूही नये. साताऱ्यात त्यांचे बरोबरच होते. पण भारतातून आईवडील येणार असतील तर घरच्या चाव्या देताना एवढे एक वाक्य त्यांना सांगून ठेवावे, की इथे रेडिएटरमध्ये पाणी घालायचे नाही.

आता जुनी गाडी नव्याने घेतली असेल तर काय करावे? आत काय आहे ते ठाऊक नसेल तर भर घालत बसू नये, सगळे काढून एकदाच योग्य ते भरावे. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडावे. गरम असताना मुळीच नाही, आतले द्रव दाबाखाली असते आणि उघडताक्षणी अंगावर उसळते. तपकिरी पाणी म्हणजे गंज. तेलकट तवंग दिसला तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि अँटिफ्रीझचा विचार सोडून आधी मेकॅनिककडे जावे. गाडी घेण्यापूर्वीच हे पाहता आले तर उत्तम, कारण गॅस्केटच्या कामाला हजार-दोन हजार डॉलर सहज जातात.

इथे एक हिशेब आहे, तो बाटलीवर लिहिलेला नसतो. रेडिएटरच्या तळाची तोटी उघडली की सगळे बाहेर येत नाही. साधारण निम्मे इंजिनात आणि हीटरमध्ये राहते. मॅन्युअलमध्ये आठ क्वार्टची क्षमता दिली आहे असे समजा. आपण स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढले, की इंजिनात चार क्वार्ट साधे पाणी उरले. आता वर चार क्वार्ट तयार निम्मे-निम्मे मिश्रण ओतले तर आठात ग्लायकॉल किती? फक्त दोन क्वार्ट, म्हणजे पंचवीस टक्के. ते उणे १२ सेल्सियसच्या आसपास गोठू लागते, म्हणजे डिसेंबरातच. म्हणून पाण्याने धुतल्यावर शुद्ध अँटिफ्रीझ आणावे, क्षमतेच्या निम्मे, म्हणजे चार क्वार्ट, आधी ते ओतावे आणि राहिलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. धुण्यासाठीही शेवटच्या खेपेला डिस्टिल्डच वापरावे. उपनगरांतल्या विहिरींचे पाणी किती जड असते ते आपल्या कुकरच्या तळाला विचारा. तसेही तयार मिश्रणाच्या गॅलनमध्ये अर्धा गॅलन पाणीच असते, आणि किमतीत म्हणावा तसा फरक नसतो. मात्र जपानी कंपन्यांचे काही माल तयार मिश्रणातच मिळतात. तिथे धुणे गॅरेजकडून यंत्राने करून घेतलेले बरे.

भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी. त्यानंतर तरंगत्या गोळ्यांच्या छोट्या हायड्रोमीटरने मोजून घ्यावे. ते स्वस्तात मिळते. ते फक्त गोठणबिंदू सांगते, गंजरोधक शिल्लक आहे की नाही ते सांगत नाही. म्हणून वर्षांचा हिशेब बॉनेटच्या आत चिठ्ठी लावून ठेवावा.

राहिला तो सर्वांत महत्त्वाचा भाग, विषाचा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री-मांजरी ते चाटतात, लहान मुले पितात, आणि थोडेसेही जीवघेणे ठरते. पहिले काही तास माणूस दारू प्यायल्यासारखा वाटतो, मग बरा झाल्यासारखा वाटतो. तेवढ्यात यकृतात त्याची आम्ले होतात आणि मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे साचून ती बंद पडू लागतात. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या उत्पादकांनी किरकोळ विक्रीच्या अँटिफ्रीझमध्ये कडू पदार्थ घालण्याचे मान्य केले, पण पहिला घोट घेतल्यावरच कडू लागणार, आणि गॅरेजातल्या जुन्या बाटलीत तेही नसेल. कोणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये, उलटी करवू नये. १-८००-२२२-१२२२ या विषबाधा केंद्राच्या क्रमांकावर लगेच फोन करावा. तो अहोरात्र आणि मोफत चालतो. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर ९११. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

आपल्या घरांत एक धोका जास्त आहे. दह्याचे डबे आणि रसाच्या बाटल्या टाकून द्यायला आपला हात धजत नाही. गॅरेजात उरलेले अँटिफ्रीझ अशाच एखाद्या बाटलीत जाते, आणि नातवंडांना ते सरबत दिसते. उरलेला माल मूळ बाटलीत, घट्ट झाकणाने, वरच्या फळीवर ठेवावा. सांडलेले लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवावे. काढलेले जुने द्रव गटारात किंवा अंगणात ओतू नये. रिकाम्या झालेल्या अँटिफ्रीझच्याच बाटलीत भरून, वर 'जुने' असे इंग्रजीत लिहून, आपल्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर न्यावे. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी, हिवाळ्यात काही ठिकाणी ती कमी असते.