लिटरभर पेट्रोलाचा हिशेब

पेट्रोल पंपावरच्या यंत्रात दोन आकडे फिरत असतात. एक लिटरचा, दुसरा रुपयांचा. लिटरचा आकडा बैलगाडीसारखा रखडत चालतो आणि रुपयांचा घोड्यावर बसल्यासारखा धावतो. गाडीवाला ते पाहतो, कपाळाला आठ्या घालतो, पैसे मोजतो, आणि सरकार, कंपनी, पंपवाला यांपैकी जो तोंडी येईल त्याला दोन शब्द सुनावून चालू लागतो. त्याचा हा त्रागा खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. पण नेमके कोणाला काय विचारायचे हे ठाऊक नसले, तर तो त्रागा पंपावरच विरून जातो. म्हणून आज आपण जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू आणि एका लिटरचा हिशेब मांडू.

आधी हे पाहू, की हे पेट्रोल भरतो कोण? जुन्या काळी मोटार म्हणजे डॉक्टरांची, सावकारांची नाहीतर साहेबांची. पेट्रोलावर कर बसवला तर तो मोठ्यांच्या खिशातून जाईल, हा विचार तेव्हा ठीक होता. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत असे दिसले, की देशात विकल्या जाणाऱ्या दर शंभर लिटर पेट्रोलपैकी सुमारे ६१ लिटर दुचाकी गाड्यांत जाते आणि मोटारींत सुमारे ३४. म्हणजे पेट्रोलाचा खरा गिऱ्हाईक कोण? दुधाचे कॅन लावून डेअरीला जाणारा गवळी, तालुक्याहून वाडीवरच्या शाळेत येणारे गुरुजी, भाजीची गाठोडी बांधून बाजार गाठणारा शेतकरी. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे तर ओलेच जास्त जळते आहे!

आता हिशेब. २०२५ सालच्या मध्याला मुंबईत पेट्रोलचा भाव लिटरला १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास होता. त्यातले साधारण ५२ रुपये कच्चे तेल, ते शुद्ध करण्याचा खर्च, वाहतूक आणि तेल कंपनीचा वाटा यांचे. साडेचार रुपयांच्या आत-बाहेर पंपवाल्याचे कमिशन. केंद्र सरकारचे अबकारी शुल्क २१ रुपये ९० पैसे. आणि राज्य सरकारचा मूल्यवर्धित कर, ज्याला आपण व्हॅट म्हणतो, तो २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. मिळून जवळजवळ २५ रुपये. दोन्ही सरकारांचे मिळून सुमारे ४७ रुपये झाले. शंभराची नोट पंपावर दिली, की त्यातले ४५ रुपये कराचे असत. पंपवाल्यावर आपण उगाच डाफरतो. त्या बिचाऱ्याच्या हाती त्यातले चार-साडेचार रुपयेच राहतात.

परभणीकर म्हणतील, आमच्याकडे तर भाव मुंबईहूनही चढा! खरे आहे. डेपोपासून टँकरची वाट जितकी लांब, तितके वाहतुकीचे पैसे जास्त, आणि त्या जादा पैशावरही पुन्हा टक्केवारीने कर. लांबच्या जिल्ह्याला दुहेरी भुर्दंड बसतो तो असा.

इथे एक बारकावा ध्यानात घ्या, कारण सगळी गोम त्यातच आहे. केंद्राचा कर लिटरवर आहे. तेल स्वस्त असो की महाग, लिटरला ठरलेले रुपये. राज्याचा मोठा कर टक्क्यांवर आहे, आणि तो केंद्राचे शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे करावर कर. मूळ किमतीत एक रुपया वाढला, की आपल्याला पंपावर सव्वा रुपया मोजावा लागतो. तेल महाग झाले, की राज्याची मिळकत आपोआप वाढते. त्यासाठी विधानसभेत कोणाला हात वर करावा लागत नाही.

मग तेल उतरले म्हणजे काय होते? तेव्हा केंद्राचा हात पुढे येतो. २०१४ च्या मध्याला आपण विकत घेतो ते कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते. पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. जानेवारी २०१६ मध्ये तेच तेल तीस डॉलरच्या खाली आले. या उतरणीत, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात, केंद्राने अबकारी शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवर मिळून ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. पुढे २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत जगाची चाके थांबली आणि तेल कवडीमोल झाले. त्या मे महिन्यात एका रात्रीत पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढले. पंपावरचा भाव त्या रात्री हलला नाही, म्हणून पुष्कळांना ते कळलेही नाही. पण जो भाव उतरायचा तो उतरला नाही, हीच ती वाढ होती.

पेट्रोलचा भाव सरकारने ठरवण्याची पद्धत जून २०१० मध्ये बंद झाली आणि डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले. बाजार चढला तर तुम्ही जास्त द्या, उतरला तर कमी द्या, असा तो सौदा होता. चढणीचा भाग आपण पाळला. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. उतरणीचा भाग मात्र बराचसा वाटेतच अडला. गाडीवाल्याचा राग भाव जास्त असल्याचा आहेच, पण त्याहून अधिक या एकतर्फी सौद्याचा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कर कमी झालेच नाहीत असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये कमी केले, मे २०२२ मध्ये आणखी ८ आणि ६. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवले. शिवाय स्वस्त भावही फुकट नसतो बरं का! २००५ ते २०१० या काळात भाव दाबून ठेवण्यासाठी तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी सरकारी रोखे दिले गेले. ते कर्जच होते, आणि त्याचे व्याज व मुद्दल पुढच्या वर्षांत सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून, फेडावे लागले. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलाचे शंभरातले ८५ हून अधिक भाग परदेशातून येतात. ते बेताने वापरावे, यासाठी थोडा कर असण्यातही शहाणपण आहे. आणि रस्ते, दवाखाने, गुरुजींचा पगार हे सारे करांतूनच चालते. तेव्हा प्रश्न कर असावा की नसावा हा नाही. किती असावा, कोणाकडून घ्यावा आणि त्याचा हिशेब कोणी द्यावा, हा आहे.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून थोडा इतिहास. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले मुंबईचे मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा बसवले गेले आणि ते वेगळ्या रस्तेनिधीत ठेवायचे ठरले. विचार साधा होता. रस्ता जो वापरतो त्याने पैसा द्यावा, आणि तो पैसा रस्त्यालाच लागावा. ज्याने दिले त्याला विचारता येईल, की माझ्या दोन आण्यांचे काय केलेत?

आता केंद्राचे ते २१ रुपये ९० पैसे उलगडून पाहा. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर त्यात मूळ अबकारी शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते. विशेष जादा शुल्क १३ रुपये, शेती सुविधांचा उपकर अडीच रुपये, रस्ते व पायाभूत सुविधांचा उपकर ५ रुपये. ही नावे महत्त्वाची का? तर राज्यघटनेप्रमाणे उपकर आणि अधिभार हे राज्यांना वाटून द्यायच्या रकमेत धरले जात नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला, पण तो लागतो त्या १ रुपया ४० पैशांना. म्हणजे लिटरमागे सगळ्या राज्यांना मिळून ५७ पैसे! उपकरांतून राज्यांत कामे होतात, पण ती केंद्र ठरवील तशी. मग राज्ये म्हणतात, आमच्या हाती उरले काय? आम्ही आमचा व्हॅट वाढवतो. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसा गाडीवाला दोन सरकारांच्या मधे उभा राहतो.

राज्याचा हातही हलका नाही. २०१५ च्या दुष्काळात महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये अधिभार बसवला. दुष्काळासाठी दोन रुपये द्यायला कोणी कुरकुर करू नये. परंतु पुढे पावसाळे चांगले झाले तरी पेट्रोलवरचा अधिभार उतरण्याऐवजी वाढत गेला. पाहुणा म्हणून आलेला कर घरजावई होतो, तो असा. उलट उदाहरण गोव्याचे. एप्रिल २०१२ मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला आणि भाव लिटरला सुमारे ११ रुपयांनी उतरला. पुढच्या वर्षांत तिथेही तो कर टप्प्याटप्प्याने परत आला, कारण तिजोरी दुसरीकडून भरेना.

तुम्ही विचाराल, मग पेट्रोल जी.एस.टी.त का घेत नाहीत? १ जुलै २०१७ ला जी.एस.टी. आला, तेव्हा पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन बाहेर ठेवले गेले. ते आत घेण्याची तारीख केंद्र आणि राज्ये यांच्या परिषदेने ठरवायची आहे. अडचण आपल्या पाटीवरच दिसते. कर सोडून लिटरची किंमत सुमारे ५७ रुपये. त्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये चैनीच्या वस्तूंसाठी ठरलेला ४० टक्क्यांचा दर लावला, तरी कर होतो २३ रुपयांच्या आसपास. २०२५ च्या मध्याला मिळत होते ४७. निम्मी मिळकत सोडायला कोणते सरकार आपण होऊन तयार होईल? त्यातून हा कर गोळा करायला फार सोपा. मोजक्या कंपन्या, मोजके डेपो. चोरी नाही, तगादा नाही.

शेवटी घरचा हिशेब. गुरुजी किंवा शेतकरी, मोटारसायकलला महिन्याला वीस लिटर पेट्रोल लागते असे धरा. २०२५ च्या त्या हिशेबाने वीस गुणिले ४७ म्हणजे ९४० रुपये. वर्षाला सव्वाअकरा हजार. केंद्राचे सहा आणि २०२३ पासून राज्याचे सहा असे बारा हजार रुपये सन्मान निधी म्हणून पात्र शेतकऱ्याला वर्षाला मिळतात. एका हाताने येते ते जवळजवळ तितकेच दुसऱ्या हाताने जाते, आणि अजून ट्रॅक्टरचे डिझेल धरलेलेच नाही. पंपावर नांगरणीचा ट्रॅक्टर आणि आलिशान मोटार यांना डिझेलचा भाव एकच!

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. हा हिशेब सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडा. शेकडेवारीचे याहून जिवंत उदाहरण पुस्तकात सापडणार नाही. मुले घरी जाऊन वडिलांना सांगतील. आणि ग्रामसभेत किंवा निवडणुकीच्या सभेत पुढारी आले, की नुसते ‘महागाई कमी करा’ म्हणू नका. तीन प्रश्न विचारा. तेल उतरले तेव्हा कर का चढला? ज्या कारणासाठी अधिभार लावला ते कारण संपल्यावर तो कधी उतरणार? आणि माझ्या लिटरमधल्या पाच रुपयांचा रस्ता कोणत्या गावात झाला? जयकरांच्या काळी दोन आण्यांना जे उत्तर देणे लागत होते, ते ४७ रुपयांनाही लागते.