उन्हाला बसलेला रानपिंगळा

घुबडाचा फोटो म्हटलं की रात्र, टॉर्च आणि फ्लॅश आठवतात. रानपिंगळ्यासाठी यातलं काहीच लागत नाही. हा दिवसा वावरणारा पक्षी. मेळघाटात, तोरणमाळच्या डोंगरांत किंवा तानसाच्या जंगलात कडाक्याची थंडी पडली की सकाळी तो उंच झाडाच्या शेंड्यावर येऊन उन्हाला बसतो. दहाच्या सुमारास त्याची हालचाल मंदावते. म्हणजे फोटोसाठी हाती राहतात ते सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास.

असा फोटो काढता येतो, हीच मोठी गोष्ट आहे. ॲलन ह्यूम यांनी 1873 मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. जगभरातल्या संग्रहालयांत त्याची जेमतेम सात कातडी होती आणि 1884 नंतर खात्रीची एकही नोंद नव्हती. त्यात रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी चोरलेल्या जुन्या नमुन्यावर 1914 सालची, गुजरातेतल्या मांडवीची खोटी चिठ्ठी लावली. त्या खोट्या ठिकाणी शोधणाऱ्यांना पक्षी मिळणार तरी कसा? पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघडकीला आणली. मग खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळच्या जंगलात पोहोचले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी, भर दिवसा, रानपिंगळा दिसला. त्याचं चित्रीकरण झालं आणि 113 वर्षांचा खंड संपला.

गावातल्या वडा-चिंचेवरचा साधा पिंगळा आणि हा, यांत गफलत सहज होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते; याचं डोकं जवळजवळ कोरं तपकिरी. छातीवर गडद पट्टा, त्याखाली पोट पांढरंशुभ्र. पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांनी बोटांपर्यंत झाकलेले. नख्या आणि चोच शरीराच्या मानाने दांडग्या. कोवळ्या उन्हातही हे पांढरं पोट फोटोत फटफटीत होतं, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवावं. पोटाचे आणि पायांचे तपशील गेले, तर ओळख पटवणाऱ्या खुणाच गेल्या.

आता खरा कळीचा मुद्दा. जानेवारी-फेब्रुवारी हा रानपिंगळ्याच्या प्रणयाचा भर असतो. या काळात मोबाइलवर त्याचा आवाज लावला की तो लगेच प्रतिसाद देतो, जवळ येतो. त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. शिकारीवरची नजर सोडून तो नसलेल्या शत्रूला हुसकावत बसतो. मादी ढोलीत अंड्यांवर असेल, तर तिला भरवण्याची जबाबदारी त्याचीच असते. एका फोटोसाठी त्याला असं राबवणं मला अजिबात मान्य नाही. उन्हाला बसण्याची झाडं हेरून लांब टेली लेन्स लावून थांबलं, की आवाज न लावताही फोटो मिळतो.

सरडा-सापसुरळीसारखी शिकार चोचीत असताना मिळालेला फोटो अभ्यासकांना विशेष उपयोगी पडतो, कारण या पक्ष्याचं निम्म्याहून अधिक खाणं अशा सरपटणाऱ्या प्राण्यांचंच असल्याचं आढळलं आहे. फोटोसोबत तारीख, वेळ आणि झाडाची जात टिपून ठेवावी. ढोलीचं नेमकं ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नये. कॅमेऱ्यातलं जीपीएसही आधीच बंद करावं.