परसात प्लास्टिकची हिरवळ : हौस करा, पण बेताने

झाशी म्हटले की मराठी माणसाला आधी आठवते ती राणी लक्ष्मीबाई. खेळाच्या शौकिनांना मात्र लगेच दुसरे नाव सुचते : मेजर ध्यानचंद. 1928, 1932 आणि 1936 अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा हा हॉकीपटू झाशीत वाढला. 1979 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यसंस्कारही झाशीतल्या त्यांच्या आवडत्या मैदानावरच झाले.

कृत्रिम हिरवळीचा चटकाही याच घराने सोसला. ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांच्या निर्णायक गोलामुळे 1975 मध्ये भारताने पाकिस्तानला 2-1 असे हरवून विश्वचषक जिंकला, तो गवतावर. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकची हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली. अशोककुमार त्याही संघात होते, पण भारत सातवा आला. 1928 पासून प्रथमच हॉकीचा संघ पदकाविना परतला. पराभवाची कारणे अनेक असतील. पण मैदान बदलले की खेळ बदलतो, हा धडा तेव्हा सर्वांनाच मिळाला.

आता हीच हिरवळ घरोघरी येऊ लागली आहे. कोणी गच्चीवर अंथरते, तर गोल्फची आवड असलेली मंडळी परसात छोटे 'पटिंग ग्रीन' करून घेतात.

पटिंग ग्रीन म्हणजे काय?

गोल्फमध्ये शेवटी चेंडू हलकेच ढकलून छिद्रात घालायचा असतो. ते छिद्र जिथे असते ती गुळगुळीत हिरवळ म्हणजे पटिंग ग्रीन. छिद्राचा व्यास फक्त सव्वाचार इंच. 72 फटक्यांच्या मैदानात त्यातले 36 फटके या हिरवळीवरचेच धरलेले असतात. म्हणजे निम्मा खेळ इथेच! 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या अदिती अशोकनेही लहानपणी बंगळुरूत अशाच हिरवळीवर चेंडू ढकलत खेळाला सुरुवात केली होती. या सरावाला ताकद लागत नाही, त्यामुळे आजोबा आणि नात एकत्र खेळू शकतात.

खरे काम गालिच्याखाली

पुष्कळ जण गालिचा निवडण्यात दिवस घालवतात आणि जमिनीकडे दुर्लक्ष करतात. पहिल्याच पावसाळ्यात खड्डे पडतात आणि चेंडू वाटेल तिकडे पळतो.

सुरुवातीला 10 फूट बाय 15 फूट जागा पुरेशी आहे. चार ते सहा इंच माती काढून टाकावी. तळ धुमसाने ठोकून त्यावर जाडसर कापड अंथरावे, म्हणजे खडी मातीत रुतत नाही. मग तीन-चार इंच खडी आणि वर दगडाची बारीक चुरी घालावी. प्रत्येक थर पाणी मारून पक्का दाबून घ्यावा. दर 10 फुटांना एक ते दोन इंच उतार ठेवावा आणि तो घराच्या भिंतीकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला असावा. छिद्राचा कपही याच वेळी बसवून घ्यावा.

शोभेसाठी विकली जाणारी हिरवळ बहुधा 30 ते 40 मिलिमीटर उंच असते. तीत चेंडू अडकतो. पटिंगसाठी 10 ते 15 मिलिमीटरची दाट, आखूड हिरवळ लागते. तुकडे जोडायचे असतील, तर सर्वांची पाती एकाच दिशेला झुकलेली असावीत; नाहीतर सांधा डोळ्यांना खुपतो आणि चेंडूचा वेगही बदलतो. शेवटी कोरडी बारीक वाळू पसरून ती ब्रशने पात्यांमध्ये बसवावी. कामाचा अंदाज घेताना जमिनीचा आणि गालिच्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. जमिनीच्या कामात काटकसर केली, तर महागडा गालिचाही वाया जातो.

उन्हाचे काय?

झाशीत मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या वर जातो. विदर्भातल्या वाचकांना हा उन्हाळा सांगायला नको. खरे गवत आपल्यातले पाणी हवेत सोडून गार राहते. प्लास्टिकला ते जमत नाही. भर उन्हात ते 60-70 अंशांपर्यंत तापू शकते; त्यावर अनवाणी मूल धावले तर पाय भाजतील. पाणी मारले तरी गारवा थोडाच वेळ टिकतो. म्हणून शक्य असल्यास घराच्या पूर्वेची जागा निवडावी, म्हणजे दुपारनंतर घराचीच सावली मिळते. खेळ सकाळी किंवा दिवेलागणीला ठेवावा.

पाण्याची बचत मात्र खरी आहे. बुंदेलखंडासारख्या टंचाईच्या भागात उन्हाळ्यात लॉनला पाणी घालणे मनाला पटत नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. दहाएक वर्षांत हा गालिचा झिजतो आणि उरतो तो प्लास्टिकचा कचरा. कृत्रिम मैदानांत भरायच्या रबराच्या कणांच्या विक्रीवर 2031 पासून बंदी घालण्याचा निर्णय युरोपीय संघाने 2023 मध्ये घेतला आहे. घरी तर रबर वापरण्याची गरजच नाही, वाळू पुरते. शिवाय अख्खे परस प्लास्टिकने झाकू नये. कोपऱ्यातला कडुनिंब, तुळस, पावसाचे पाणी मुरणारी उघडी माती यांना त्यांची जागा राहू द्यावी.

आधी सतरंजीवर खेळा

खर्चात पडण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्या. घरात सतरंजी अंथरा, टोकाला एक फुलपात्र आडवे ठेवा आणि जुना पटर व दोन चेंडू घेऊन रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे खेळा. महिन्याभरानंतरही मुले आपणहून सतरंजी अंथरत असतील, तर परसात खोदाई करायला हरकत नाही. सतरंजी घडी होऊन कपाटात गेली असेल, तर पैसे वाचले आणि अंगणातली मातीही वाचली असे समजावे.