गिअरबॉक्सला कोणी विचारलं?

शोरूममधून आणलेलं गाडीचं माहितीपत्रक आपण किंमत, रंग आणि सनरूफ एवढं पाहून बाजूला टाकतो. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, त्यात कमाल टॉर्कची एक ओळ असते. ती ओळ जरा निरखून वाचावी. टोयोटा फॉर्च्युनरचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन २०२१ साली सुधारून आलं, तेव्हा मॅन्युअल गाडीत त्याचा टॉर्क ४२० न्यूटन-मीटर होता आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या डिझेलला मॅन्युअलमध्ये ४२०, ऑटोमॅटिकमध्ये ४५०. निसान मॅग्नाइटच्या छोट्या टर्बो पेट्रोलचं मात्र उलटं आहे. मॅन्युअलला १६०, सीव्हीटी ऑटोमॅटिकला १५२.

इंजिन तेच, टर्बोही तोच. मग आकडा का बदलला? इंजिन किती जोर काढू शकतं हा एक प्रश्न, आणि मागचा गिअरबॉक्स किती जोर झेलू शकतो हा दुसरा. कंपनी दुसऱ्याचं उत्तर पाहून पहिल्याचं ठरवते. गाडी ‘ट्यून’ करून घेणारे बहुतेक जण पहिल्यावरच थांबतात.

धामणगाव रेल्वेला हा विषय आला तो समृद्धी महामार्गामुळे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं हे कापसाचं गाव, नावातच रेल्वे घेऊन बसलेलं. नागपूरला जायचं तर रेल्वे, नाहीतर पुलगाव-वर्ध्याचा रस्ता. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. अमरावती जिल्ह्यातले त्याचे सत्तरेक किलोमीटर धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातात. मोटारींना वेगमर्यादा १२०. तोवर आमच्याकडच्या गाड्यांना इतका वेळ एका वेगाने पळायला रस्ताच नव्हता. त्याच सुमाराला टर्बो पेट्रोल आणि ऑटोमॅटिक ही जोडी दहा-पंधरा लाखांच्या गाड्यांत आली. एमएच-२७ च्या पाट्या लावलेल्या अशा गाड्या आता दत्तापूरच्या गल्लीतही दिसतात. पाठोपाठ लॅपटॉप घेऊन फिरणारी मंडळी आली. “भाऊ, चिप टाकली तं गाडी अशी पयते का इचारू नोको,” हे वाक्य पानठेल्यावर ऐकू येणं आता नवलाचं राहिलं नाही.

चिप वगैरे कोणी टाकत नाही. गाडीच्या इंजिनाचा कारभार पाहणारा एक छोटा संगणक असतो, ईसीयू. कोणत्या आरपीएमला, पॅडल किती दाबलं असता, टर्बोने किती दाब द्यायचा, इंधन किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, याचे तक्ते त्यात भरलेले असतात. हे तक्ते बदलणं म्हणजे रिमॅप. टर्बो नसलेल्या इंजिनात रिमॅप करून हाती फारसं लागत नाही, कारण सिलिंडरमध्ये जाणारी हवा तेवढीच राहते. टर्बोमध्ये दाब वाढवला की हवा वाढते, तिच्या बेताने इंधन वाढवता येतं, आणि यंत्राचा एकही भाग न बदलता टॉर्क पाव हिश्शाने वगैरे वर जातो. ‘स्टेज वन’ म्हणतात ते हेच. तासाभराचं काम, आणि फरक पहिल्या ओव्हरटेकलाच कळतो.

आता गंमत अशी की आधुनिक ऑटोमॅटिकला स्वतःचा वेगळा संगणक असतो, टीसीयू. इंजिनाचा टॉर्क मोजायला त्याच्यापाशी बहुधा कोणतंही साधन नसतं. ईसीयू त्याला दर क्षणी कळवतो, ‘आत्ता २०० देतोय, आत्ता २३०’, आणि त्या आकड्यावर विसंबून टीसीयू क्लचवर किती दाब द्यायचा ते ठरवतो. दाब जास्त दिला तर गिअर झटक्याने पडतो, कमी दिला तर क्लच घसरतो. चांगल्या रिमॅपमध्ये हे टॉर्कचे तक्तेही नव्याने बसवतात आणि टीसीयूचीही वेगळी फाइल करतात. वाईट रिमॅपमध्ये टॉर्कच्या मर्यादा अडथळा आणतात म्हणून कळवायचा आकडाच दाबून ठेवतात. ‘ट्यूनिंग बॉक्स’ नावाची वायरिंगला लावायची स्वस्त डबी तर याच तत्त्वावर चालते. ती टर्बोच्या दाबाचा सेन्सर फसवते, दाब कमी आहे असं ईसीयूला भासवते आणि तो बिचारा आणखी दाब देतो. म्हणजे ईसीयूलाच खरा टॉर्क ठाऊक नाही. टीसीयूला तो कुठून कळणार? इंजिन २९० देत असतं, गिअरबॉक्स २३० च्या हिशेबाने क्लच धरून बसलेला असतो. जिनिंगमध्ये ताण कमी पडलेला पट्टा पुलीवर घसरून जळका वास सोडतो, तोच प्रकार इथे झाकलेल्या डब्यात होतो. वास मात्र फार उशिरा येतो.

म्हणूनच ‘ट्यून केलेली टर्बो ऑटोमॅटिक टिकते का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. ऑटोमॅटिक कोणती, हे आधी पाहावं लागतं.

टॉर्क कन्व्हर्टरवाली जुनी, भारदस्त जात सर्वांत सहनशील. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचं माध्यम असल्याने धक्का थेट पोचत नाही, आणि आतले क्लच तेलात बुडालेले असतात. फॉर्च्युनरचा ऑटोमॅटिक मॅन्युअलपेक्षा ८० न्यूटन-मीटर जास्त घेतो तो या ताकदीवर. सीव्हीटी दुसऱ्या टोकाला. तिथे पोलादी पट्टा शंकूंच्या कडांना केवळ दाबाने धरून असतो. मॅग्नाइटमध्ये तिला कंपनीनेच आठ न्यूटन-मीटर कमी दिलेत, तिथे आपण वाढवायला जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

मधे आहेत दुहेरी क्लचवाल्या, आणि खरा झगडा इथेच. फोक्सवॅगन समूहाच्या चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या १.५ लिटर टीएसआय गाड्या घ्या. व्हर्टस, टायगून, कुशाक, स्लाव्हिया. इंजिन १५० अश्वशक्तीचं, टॉर्क २५० न्यूटन-मीटर. मागे सात गिअरांचा डीएसजी, कारखान्याच्या भाषेत डीक्यू-२००. त्याचे क्लच कोरडे, आणि त्याची ठरवलेली टॉर्कमर्यादा आहे २५०. म्हणजे गाडी शोरूममधून निघतानाच मर्यादेच्या रेघेवर उभी. कागदावरची मर्यादा ओलांडली की दुसऱ्या दिवशी डबा फुटतो असं नाही. अभियंते थोडी जागा राखतातच. पण ती जागा ऊन, चढ, गर्दी आणि वर्षं यांच्यासाठी राखलेली असते. रिमॅप तीच जागा खर्चून टाकतो. याच समूहाचा जुना सहा गिअरांचा डीक्यू-२५०, २००३ पासूनचा, तेलातल्या क्लचचा आणि ३५० न्यूटन-मीटरचा. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये तो होता. ट्यूनिंगवाल्यांचं त्याच्यावर प्रेम का, हे त्या तेलावरून समजावं. मात्र ते तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलावंच लागतं.

डीक्यू-२०० चा इतिहास आमच्या उन्हाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मार्च २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या या डब्यातलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायचं ठरलं. उष्ण, दमट हवा आणि सतत थांबत चालणारी वाहतूक यांत सिंथेटिक तेलामुळे विजेच्या भागांत बिघाड होऊ शकतो, असं कारण कंपनीने दिलं. या गाड्या कोणी ट्यून केलेल्या नव्हत्या, कारखान्यातून आल्या तशाच होत्या. नंतर या डब्यात बऱ्याच सुधारणा झाल्या हेही खरं.

उष्णतेचा हिशेब टर्बोच्या बाजूनेही मांडता येतो. पंचवीस अंशांची हवा पंचेचाळीस अंशांवर गेली की ती सुमारे सहा टक्क्यांनी विरळ होते. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस म्हणजे काही बातमी नव्हे. तेवढाच टॉर्क काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा आणखी तापते, इंटरकूलरपुढची हवाही तापलेलीच, त्याच्यामागे रेडिएटर आणि बऱ्याच गाड्यांत तिथूनच गिअरच्या तेलाचं थंडावणं. कारखान्याचा मूळ तक्ता अशा वेळी टॉर्क आपणहून कमी करतो. दुपारी गाडी ‘मरगळली’ असं आपण म्हणतो ते हेच. उतावळा ट्यूनर पहिल्यांदा ही मरगळच काढून टाकतो.

इंधनाचं दुखणं वेगळं. पुण्या-मुंबईत १०० ऑक्टेनचं एक्सपी-१०० मिळतं, इंडियन ऑइलने ते १ डिसेंबर २०२० ला दहा शहरांत आणलं, त्यांत ही दोन्ही होती. तिथे उंची पेट्रोलवर बेतलेला तक्ता घेऊन गाडी गावाकडे येते आणि कोपऱ्यावरच्या पंपावर साधं पेट्रोल पिते. वीस टक्के इथेनॉलने साध्या पेट्रोलचाही ऑक्टेन वर नेला आहे हे मान्य, पण इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, त्यामुळे इंधनाचं प्रमाणही बदलतं. ठिणगीची ज्वाला पोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटू लागलं की नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर ईसीयू ठिणगी मागे ओढतो आणि विकत घेतलेली ताकद गुपचूप परत जाते. सेन्सरची मर्यादाही सैल करून ठेवली असेल तर मग पिस्टनचं काही खरं नाही.

आणि एवढं करून समृद्धीवर ती ताकद लागते किती? ढोबळ गणित करा. मध्यम आकाराच्या एसयूव्हीला सपाटीवर १२० च्या वेगाने पळायला चाकांशी तीसेक अश्वशक्ती पुरते. हवेच्या अडथळ्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून १६० ला ती साठीच्या पुढे जाते. दीडशे अश्वशक्तीच्या गाडीत कायद्याच्या वेगाला चार-पंचमांश शक्ती पडूनच असते. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘व्हॅली रन’सारख्या शर्यतीत ट्यून केलेली गाडी काही सेकंद सगळं ओतते आणि मग निवांत थंड होते. मर्यादा मोडून नागपूरपासून मेहकरपर्यंत दामटलेल्या गाडीला थंड व्हायला वेळ मिळत नाही. तिथे टायर तर आणखी आधी हात टेकतात, पण तो लेख वेगळा.

कारखान्यांनी स्वतः ट्यूनिंग केलं तेव्हा काय केलं, हेही पाहावं. १९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर ही जगातल्या पहिल्यावहिल्या टर्बो मोटारींपैकी, ऑटोमॅटिकसह मिळणारी. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून तिला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका टाकीत भरावं लागे. मालक ते भरायला विसरत. शेवटी कंपनीने टर्बोच काढून साधा कार्ब्युरेटर लावून द्यायची तयारी दाखवली. पंचवीस वर्षांनी, १९८७ मध्ये, ब्यूइकने ग्रँड नॅशनलची ताकद २४५ वरून २७६ अश्वशक्तीवर नेऊन ‘जीएनएक्स’ काढली. फक्त ५४७ गाड्या, सगळ्या चार गिअरांच्या ऑटोमॅटिक. अवघ्या ३१ अश्वशक्तीसाठी त्यांनी टर्बो आणि इंटरकूलर तर बदललेच, गिअरबॉक्सलाही वेगळा टॉर्क कन्व्हर्टर आणि तेलाचा स्वतंत्र कूलर दिला. आपल्याकडे तेवढ्याच वाढीसाठी एक केबल लावतात आणि ऑइल कूलरचा विषय निघालाच तर “काही गरज नाही साहेब” असं उत्तर मिळतं.

तेलाबद्दल आणखी थोडं. ‘लाइफटाइम फिल’ म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल जन्मभर बदलायचं नाही, हा समज कंपन्यांनीच पसरवला. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरांचा डबा बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांत असतो. ती स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांत जे आधी येईल तेव्हा तेल बदला म्हणते. तेही साध्या वापराला. तेलाचं तापमान दहाएक अंशांनी चढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. ट्यून केलेल्या गाडीला ४० हजारांवर तेल बदललं तर तो खर्च उधळपट्टी नाही.

कायद्याकडेही एक नजर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५ हजार रुपये दंड सांगितला आहे. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रस्त्यावर क्वचितच पकडला जातो. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी उघडा पडला तर मात्र वांधे होतात. वॉरंटीचंही तसंच. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत फेरफार आढळलेल्या गाडीपुढे ‘टीडी-१’ असा शेरा पडतो, आणि मूळ फाइल परत टाकली तरी तो निघत नाही.

हे सगळं जुन्या गाडीच्या बाजारात येऊन थांबतं, कारण चार वर्षं दामटलेली गाडी विकण्याआधी शहाणा माणूस मूळ तक्ता परत टाकतो. इंजिन निरागस होतं. गिअरबॉक्सला तसं होता येत नाही. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना चालवायला मागा. ‘डी’ टाकल्यावर गाडीने दम खाल्ला, साठ-सत्तरच्या वेगाला हलक्या पॅडलवर थरथर जाणवली, किंवा गिअर बदलताना आरपीएम उगाच वर जाऊन मग खाली आला, तर क्लच घसरून बसलेले आहेत. दुहेरी क्लचच्या गाडीत आणखी एक सोय असते. क्लच किती झिजला त्यानुसार टीसीयू स्वतःचे आकडे दुरुस्त करत जातो आणि स्कॅनरवर ते वाचता येतात, क्लच किती वेळा अतितापला याची नोंदही बऱ्याच डब्यांत सापडते. अमरावती-नागपूरच्या कोणत्याही बऱ्या गॅरेजमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. बयाणा देण्याआधी त्याची छापील प्रत मागावी, आणि विकणारा टाळाटाळ करू लागला तर दुसरी गाडी पाहावी.