वाटीच्या अलीकडे

महाराष्ट्रातल्या सोनोग्राफी केंद्रात शिरलं की ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी आधी दिसते. त्याच पाटीखाली कधी गुडघा धरून बसलेला कबड्डीपटू असतो, कधी उभा जन्म फरशा पुसण्यात गेलेली बाई असते. सोनोग्राफी म्हणजे पोट आणि पोटातलं बाळ हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की गुडघ्याची सोनोग्राफी लिहून दिली तर माणूस चिठ्ठी उलटसुलट करून पाहतो.

कायद्याच्या डोळ्यांतही हे यंत्र आधी गर्भाचंच आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. यंत्र पोटावर फिरवा की गुडघ्यावर, नोंदणी चुकत नाही. लॅपटॉपएवढं पोर्टेबल यंत्र उचलून खेळाच्या मैदानावर न्यावं, तर नियम आडवे येतात. त्यामागची कारणं रास्त आहेत. गुडघ्याचा तोटा होतो, तोही खरा.

यंत्राची कुळकथा मात्र बाळापासून सुरू होत नाही. जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं की क्वार्ट्झसारखा स्फटिक दाबला की त्यातून वीज मिळते. उलटंही खरं निघालं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी हीच थरथर पाणबुड्या शोधायला वापरली. ऑस्ट्रियाचे कार्ल डुसिक आधी मेंदूच्या मागे लागले होते, पण १९५८ मध्ये त्यांनी सांध्याभोवतालच्या ऊतींत ध्वनी कसा शोषला जातो हे मोजलं. नेमक्या त्याच वर्षी ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पोटातल्या गाठींवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि यंत्र स्त्रीरोग विभागात मुक्कामाला गेलं. गुडघ्याची पाळी १९७२ मध्ये आली. मॅकडोनल्ड आणि लिओपोल्ड यांनी दाखवलं की गुडघ्यामागची सूज ही बेकरची गाठ आहे की शिरेचा दाह, हे ध्वनिलहरींनी वेगळं करता येतं. म्हणजे गुडघ्यात हे यंत्र मागच्या दाराने आलं.

पुढच्या बाजूला यायला प्रोब, म्हणजे यंत्राचे अंगावर टेकवायचे भाग, सुधारावे लागले. पोटाला साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्‌झच्या लहरी लागतात, गुडघ्याला १० ते १५ किंवा त्याहून वरच्या. कंपनं वाढली की बारकावा वाढतो, पण लहर खोलवर पोचत नाही. गुडघ्याच्या वाटीभोवती ती अडचणच नाही, कारण पाहायचं ते बहुतेक सगळं कातडीच्या लगेच खाली असतं. १२ मेगाहर्ट्‌झला शरीरातल्या लहरीची लांबी जेमतेम मिलिमीटरचा आठवा भाग भरते. म्हणूनच टेंडनचे तंतू एकावर एक ठेवलेल्या चकचकीत रेघांसारखे पडद्यावर दिसू शकतात.

हे टेंडन म्हणजे वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या उंचवट्यापर्यंत जाणारा, मांडीच्या स्नायूचा सगळा जोर पायाला पोचवणारा पट्टा. जाडी चार-पाच मिलिमीटर. तपासताना पेशंटला उताणं झोपवून गुडघ्याखाली उशी देतात आणि गुडघा तीसेक अंश वाकवून ठेवतात, म्हणजे पट्टा ताणून सरळ होतो. हे सोयीपुरतं नाही. लहर तंतूंवर काटकोनात आदळली तरच प्रतिध्वनी नीट परततो. प्रोब थोडा जरी कलला, तरी धडधाकट टेंडन काळं दिसतं, आणि या विद्येत काळं दिसणं हे बिघाडाचं लक्षण. नवशिके इथेच फसतात. मुरलेला हात प्रोब जागच्या जागी किंचित डुलवतो. काळेपणा गेला तर तो कोनाचा भास, टिकला तर दखल घ्यायची.

दुसरी खुबी दाबाची. वाटीच्या पुढे कातडीखाली एक पातळ पिशवी असते. सतत गुडघे टेकून काम करणाऱ्यांची ती सुजते. प्रोब जोरात दाबला की त्यातलं पाणी बाजूला पळतं आणि रिपोर्टमध्ये पिशवी ठीकठाक ठरते. म्हणून जेल भरपूर आणि हात हलका. रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावताना तर गुडघा सरळ आणि सैल सोडायला सांगतात, कारण ताणलेल्या टेंडनमधल्या बारीक रक्तवाहिन्या मिटून जातात. एकच टेंडन, पण ते दोनदा, दोन अवस्थांत पाहावं लागतं.

उड्या मारणाऱ्यांचं दुखणं बहुधा वाटीच्या खालच्या टोकाशी, टेंडनच्या आतल्या अंगाला असतं. पडद्यावर ती जागा जाड, काळपट दिसते, रेघा विस्कटलेल्या असतात आणि डॉप्लरमध्ये तिथे केशरी ठिपके लुकलुकतात. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के आणि बास्केटबॉलपटूंपैकी ३२ टक्के या दुखण्याने बेजार होते.

पण खरी गोम पुढे आहे. अशी काळपट जागा एकदाही गुडघा न दुखलेल्या खेळाडूंतही सापडते. ऑस्ट्रेलियात जिल कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वारंवार दाखवलं. म्हणजे चित्रात दोष दिसला म्हणून दुखण्याचा उगम तोच, असं धरून चालता येत नाही. माझ्या मते सोनोग्राफीचं एमआरआयपेक्षा मोठेपण इथेच आहे, आणि ते पडद्यावर नाही. डॉक्टर काळ्या जागेवर प्रोब ठेवतो, तिथेच हलकं दाबतो आणि विचारतो, ‘‘इथेच का?’’ पेशंट ‘‘आई गं’’ म्हणाला तर चित्र आणि दुखणं जुळलं. ‘‘नाही हो, जरा वर,’’ म्हणाला, तर ती जागा कितीही भयंकर दिसो, शोध अजून संपलेला नाही. एमआरआयच्या नळीत निपचित पडलेल्या माणसाला असं कोण विचारणार? न विचारता, न दाबता लिहिलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट मला अर्धाच वाटतो.

बाकीची कामं यंत्र झटपट उरकतं. वाटीच्या वरच्या अंगाला साचलेलं पाणी थोडंसंही दिसतं. पेशंटने मांडी आवळली की लपलेलंही पुढे येतं. सुई टोचून ते काढायचं असेल तर सुईचं टोक पडद्यावर पाहत नेता येतं. वाढत्या वयातल्या, खेळणाऱ्या मुलांत नडगीचा उंचवटा दुखतो. हा ऑस्गुड आणि श्लाटर यांनी १९०३ मध्ये वेगवेगळं वर्णन केलेला आजार. त्यात न दुखणारा गुडघाही शेजारी पाहून घेतात. गाउटमध्ये मांडीच्या हाडावरच्या कूर्चेवर स्फटिकांची जादा पांढरी रेघ उमटते.

आणि तरीही वाटी स्वतःच आडवी येते. ध्वनी हाड भेदून पलीकडे जात नाही. गुडघा पूर्ण वाकवला की मांडीच्या हाडावरची कूर्चा उघडी पडते आणि पाहता येते, पण वाटीच्या पाठीवरची कूर्चा बहुतांशी हाडाच्या सावलीतच राहते. जिना उतरताना, उकिडवं बसताना, सिनेमा संपून उठताना वाटीमागे ठणकतं, हे तरुणांमधलं फार सर्रास दुखणं. त्यात सोनोग्राफी बहुधा ‘नॉर्मल’ येते. याचं निदान पेशंटची हकिकत ऐकून आणि त्याला डॉक्टरांसमोर एका पायावर अर्धं बसायला लावून होतं. ‘‘मग एमआरआय काढू का?’’ हा प्रश्न ठरलेलाच. गुडघा अडकत असेल, मार लागून एकदम सुजला असेल, वाटी सरकली असेल, तर जरूर काढावा. नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम काही आठवडे नेटाने करायचे असतात.