रस्त्यावरील मृत्यूंची कारणमीमांसा : धरणगाव परिसराच्या अनुषंगाने

‘अपघात’ ह्या शब्दाला व्यवहारात अकल्पिताचा अर्थ चिकटलेला आहे. जे अकल्पित ते अटळ, आणि जे अटळ त्याची मीमांसा करण्यात हशील नाही, अशी समजूत त्यातून नकळत रूढ होते. परंतु जी घटना वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच प्रमाणात घडत राहते, तिला अकल्पित म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. २०२३ साली ही संख्या १,७२,८९० झाली. २०२२ च्या संख्येत महाराष्ट्राचा वाटा १५,२२४ इतका होता. हे मृत्यू समजून घेण्यासाठी व कमी करण्यासाठी शासनाने कोणते मार्ग अवलंबिले आणि ते कोठे अपुरे पडतात, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

धरणगाव गाव स्वतः लोहमार्गावर असले, तरी तालुक्याच्या दक्षिण भागातून सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ आहे. पाळधी व बांभोरी ही तालुक्यातील गावे ह्याच मार्गावर असून गिरणेपलीकडे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा परिसरही त्यालगतच आहे. ह्या रस्त्यावर दूर पल्ल्याच्या मालमोटारी, कापसाने भरलेले ट्रॅक्टर, दुचाकीवरून जाणारी कुटुंबे, विद्यार्थी आणि पादचारी एकत्र येतात. तरसोद ते फागणे ह्या टप्प्याच्या चौपदरीकरणात जळगाव शहराबाहेरून पाळधीकडे जाणारा बाह्यवळण रस्ता आखण्यात आला, तो शहरातील वाहतुकीचा भार कमी करण्यासाठी. मात्र रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने धडक बसली, तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून रुंदीकरणाबरोबर रस्ता ओलांडण्याची सोय व स्थानिक वाहतुकीसाठी सेवारस्ता झाला नाही, तर एकीकडची सुरक्षितता दुसरीकडे गमावली जाते.

ह्या विषयातील कायद्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९१४, १९३९ आणि १९८८ ह्या तीन मोटार वाहन अधिनियमांचा मुख्य भर परवाना, नोंदणी, विमा आणि चालकाची शिक्षा ह्यांवर राहिला. १९८८ च्या अधिनियमाच्या कलम २१५ ने राज्य व जिल्हा पातळीवर रस्ता सुरक्षा परिषदा व समित्या स्थापण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्यावर ह्या कामावर देखरेख सुरू झाली. खरा वैचारिक बदल मात्र २०१९ च्या दुरुस्तीत दिसतो. कलम १९८-अ अन्वये रस्त्याची आखणी, बांधणी व देखभाल सदोष असल्यास संबंधित अधिकारी व ठेकेदार जबाबदार ठरतात. कलम १३४-अ जखमीस साहाय्य करणाऱ्यास संरक्षण देते. चालकाबरोबर रस्ताही कारण असू शकतो, हे कायद्याने येथे मान्य केले.

तरीही नोंदींची भाषा जुनीच आहे. शासकीय आकडेवारीप्रमाणे २०२२ मधील सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ हे होय. परंतु ही नोंद मुख्यतः पोलीस तपासातून येते, आणि तपासाचा हेतू अपराधी निश्चित करणे हा असतो. अपराधी कोण, आणि मृत्यू कशामुळे टळला असता, हे दोन भिन्न प्रश्न आहेत. त्याच वर्षीच्या मृतांत दुचाकीस्वार सुमारे ४४ टक्के व पादचारी सुमारे १९ टक्के होते. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मृतांच्या शरीराभोवती वाहनाचे कवच नव्हते. ‘अतिवेग’ ह्या एका शब्दात ही वस्तुस्थिती लोपते.

ह्या अडचणीवर अमेरिकेतील वैद्यक व रस्ता सुरक्षेचे अधिकारी विल्यम हॅडन ह्यांनी १९७० च्या सुमारास एक पद्धती सुचविली. आघातापूर्वी, आघातसमयी व आघातानंतर ह्या तीन अवस्थांत माणूस, वाहन व परिसर ह्यांचा स्वतंत्र विचार करावा, असे तिचे सूत्र आहे. जळगाव जिल्ह्यातीलच उदाहरण घ्यावयाचे, तर १४-१५ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेली मालमोटार उलटून किमान १५ मजूर मृत्युमुखी पडले. मालावर माणसे बसविण्यावर कायद्याचे निर्बंध आहेतच. मग मजुरांस रात्री परतण्यासाठी दुसरे साधन होते काय, गाडी उलटताना त्यांस धरून ठेवणारे काही होते काय, मालाखालून त्यांस काढून रुग्णालयात नेण्यास किती अवधी लागला, हे प्रश्न चालकाच्या चुकीइतकेच कारणमीमांसेचे भाग आहेत.

केंद्र शासनाने ‘अपघातप्रवण स्थळा’ची व्याख्या निश्चित केली आहे. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, अथवा १० मृत्यू घडले, तर ते स्थळ ह्या वर्गात मोडते. २०२१ पासून पोलीस, परिवहन, बांधकाम व आरोग्य ह्या खात्यांची माहिती एकत्र आणणारी संगणकीय प्रणालीही सुरू झाली. तिच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. मात्र व्याख्येची मर्यादा ध्यानात घ्यावी. एरंडोल-धरणगावसारख्या रस्त्यांवर मृत्यू एका बिंदूत साठत नाहीत, लांबीभर विखुरतात. असे मृत्यू कोणत्याही ‘स्थळा’त मोजले जात नाहीत. तेथे संपूर्ण रस्त्याचेच परीक्षण हवे.

असे परीक्षण फलद्रूप होते, ह्यास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण आहे. तेथे २०१६ साली १५१ मृत्यू झाले. संपूर्ण मार्गाची पाहणी, कठड्यांची दुरुस्ती, वेगनियंत्रण व तातडीची वैद्यकीय मदत हे उपाय एकत्र योजल्यावर चार वर्षांत ही संख्या निम्म्याखाली आली. अर्थात २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते, हे तुलना करताना विसरता कामा नये. शिवाय तो बंदिस्त मार्ग आहे. तेथे बैलगाडी नाही, दुचाकी नाही, पादचारी नाही. पाळधीच्या रस्त्यावर हे सर्व आहेत. म्हणून तेथील उपाय येथे जसेच्या तसे न आणता त्यामागील पद्धती आणावयास हवी.

तात्पर्य, आकडे जमविण्याचे काम शासनाने बऱ्याच अंशी साधले आहे. आकड्यांचा अर्थ लावण्याचे काम पुष्कळसे बाकी आहे. एका तालुक्यातील पाच वर्षांचे मृत्यू वेळ, स्थळ, वाहन व उपचारास लागलेला अवधी ह्यांनुसार मांडून पाहणे, हे पदव्युत्तर अभ्यासकास सहज आटोक्यात येणारे कार्य आहे. त्यातून निघणारे निष्कर्ष जिल्हा समितीपुढे गेले, तर नोंदवहीतील ‘निष्काळजी चालक’ ह्या शेऱ्यापलीकडे पाहणे तिलाही शक्य होईल.